वेळ उलटून गेलेल्या चादरी

त्या दिवशी गुरुवार होता असं तोर्स्तेन सांगतो, पण मंगळवारही असू शकेल. हल्ली त्याला आपल्या आठवणींचा भरवसा वाटत नाही. (उप्सालाच्या विद्यापीठात छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाची ही अवस्था. विद्यार्थ्यांचं काय झालं असेल ते असो.) कात्री मात्र पक्की आठवते. ती त्याच्याच हातात होती.

सुरुवात झाली नुसत्या मान हलवण्यापासून. सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष गुनवोरबाईंनी कलाप्रकल्प मांडला. जुन्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून त्या रंगवायच्या आणि अंगणात दोरीवर प्रदर्शन मांडायचं. म्हणजे माणसं दुकानात प्लास्टिकची पिशवी मागायची थांबतील. आता, इमारतीतल्या चोवीसही स्वयंपाकघरांत कापडी पिशव्यांच्या ओझ्याने खुंट्या निखळायला आल्या होत्या. हे बोलून दाखवावं असं तोर्स्तेनच्या मनात आलं. तेवढ्यात गुनवोरची नजर त्याच्यावर पडली आणि त्याने घाबरून मान हलवली.

"वा! कापड कापायला तोर्स्तेन तयार आहे," गुनवोरने जाहीर केलं.

जुनं कापड तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीत आणून ठेवायचं ठरलं होतं. तोर्स्तेन कात्री घेऊन गेला तर टोपली रिकामी, आणि दोरीवर दोन पांढऱ्या, जुन्या लिननच्या चादरी. त्याने धुण्याच्या वेळांचा फळा पाहिला. एक वाजता संपणाऱ्या वेळेवर शेजारच्या सूल्वेयच्या घरक्रमांकाचं छोटं कुलूप अडकवलेलं होतं; ज्याचं कुलूप, त्याची वेळ. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं. प्रश्नच मिटला! इथला माणूस एक वेळ बायको सोडील, पण आपली वेळ संपल्यावर कपडे दोरीवर सोडणार नाही. तेव्हा हे धुणं नव्हे, ही देणगी. इतकं बिनचूक अनुमान त्याने प्रबंधातही काढलं नव्हतं. तासाभरात डझनभर पिशव्यांचं कापड तयार झालं.

दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनवर छापल्यासारख्या अक्षरांत चिठ्ठी : "माझ्या लिननच्या चादरी नेणाऱ्याने रविवारपर्यंत परत कराव्यात." खाली नाव नाही. अशा चिठ्ठीखाली कुणी नाव घालत नाही. घातलं तर मग जिन्यात बोलावं लागतं.

कुलूप सूल्वेयचं, तेव्हा चादरीही तिच्याच, हे तोर्स्तेनने ताडलं. जेवताना त्याची बायको इंगेयेर्द सहज म्हणाली, "तळघरातून चादरी गेल्यात म्हणे. तुला काही ठाऊक आहे का रे?"

"मला? छे! मी नुसता कापतो."

"काय कापतोस?"

"कापड. म्हणजे... दुसरं."

"असं होय," इंगेयेर्द म्हणाली आणि बटाटे पुढे सरकवले.

सांगायचं तेव्हा राहून गेलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला विसराळू म्हटलं होतं, आळशी म्हटलं होतं. चोर अजून म्हटलं नव्हतं. तेवढं एक पद त्याला नको होतं.

शनिवारी ती बाहेर पडताच त्याने कपाट उघडलं. वरच्या फळीवर तिच्या आजीच्या लिननच्या चादरी होत्या. त्याच्या आठवणीत जास्त होत्या; निघाल्या दोनच. (आठवणीचं मेलीचं काय सांगावं!) त्या त्याने पिशवीत भरून सूल्वेयच्या दाराच्या मुठीला अडकवल्या आणि चोरपावलांनी परतला. चिठ्ठी ठेवली नाही. फेड झाली, बोलावंही लागलं नाही.

सोमवारी गुनवोर त्याच्या दारात उभी. हातात त्याच चादरी.

"सूल्वेय किती दिलदार बघ! दाराला कुणीतरी अडकवून गेलं, तिने लगेच प्रकल्पाला दिल्या. घे, काप."

"याही?"

"अरे, कचरा कमी करायचाय ना आपल्याला?"

त्याने कापल्या.

प्रदर्शन थाटात झालं. मुलांनी देवमासे रंगवले होते, मोठ्यांनी रडणारी पृथ्वी. पाऊस येईल म्हणून गुनवोरने प्रत्येक पिशवी नव्याकोऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगली होती. कागदी कपातून कॉफी पीत सगळ्यांनी फोटो काढले. पिशवी मात्र एकानेही घरी नेली नाही. ठेवायची कुठे?

इंगेयेर्दने एक पिशवी प्लास्टिकवरूनच चाचपली. "लिनन चांगलं आहे."

"हो का?" म्हणत तोर्स्तेनने दालचिनीच्या पावात तोंड खुपसलं.

त्यानंतर नऊ वर्षांनी, सूल्वेयच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, मनावरचं ओझं उतरवावं म्हणून त्याने तिला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं.

"माझ्या चादरी? लिननच्या?" सूल्वेय हसत सुटली. "अरे बाबा, इस्त्री कोण करत बसणार! आणि त्या दिवशीची माझी वेळ मी तुझ्या इंगेयेर्दला दिली होती. दाताच्या डॉक्टरकडे अडकली बिचारी, धुणं काढायला उशीर झाला तिला."

(चादर ही तोर्स्तेनच्या लेखी पाठीखालची वस्तू. तिच्याकडे वळून पाहण्याची वेळ तोवरच्या एक्केचाळीस वर्षांत आली नव्हती.)

घरी येऊन त्याने हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. घरभर पांढरे धागे सांडत आला होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू होऊन सांगतोस का, ते बघायलाच तर चिठ्ठी लावली होती." इंगेयेर्दने चष्मा पुसला. "तू आजीच्या उरलेल्या दोनही कापल्यास."