डाव्या पायाचे कुरूप

शेजारचे कारभारी वारले तेव्हा दशक्रियेच्या दिवशी दान द्यावयाचे बूट कोठून घ्यावेत, हे त्यांच्या मुलाला, गोरक्षाला, मीच सांगितले. माझ्या या नव्या जोडासारखेच घे, म्हणालो. (सल्ला त्याने मागितला नव्हता, हे मान्य करतो.)

नेवाशाला प्रवरेच्या घाटावर दोन तास झाले तरी कावळा पिंडाला शिवेना. दगड तापले. तळवे भाजू लागले तेव्हा मी दानाच्या सामानाशेजारी काढून ठेवलेले बूट चढवले, पुढे झालो आणि हात जोडून शुद्ध भाषेत विचारले, "कारभारी, आपली कोणती इच्छा अपूर्ण राहिली?" समोरच्या फांदीवरचा कावळा माझ्या पायांकडे पाहत राहिला. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

त्या दिवसापासून बूट चावू लागले. सौ. सत्यशीला म्हणाली, हे आपले दिसत नाहीत. मी तिला समजावले की, नवे कातडे सैल व्हायला वेळ लागतो. तसे मी वाचले आहे. चार महिन्यांत डाव्या करंगळीवर खड्यासारखे कुरूप उठले. मी वैद्यकाच्या एका ग्रंथाची दोन पाने वाचली आणि दाढीच्या ब्लेडने ते कोरून काढले. (मधुमेह असणाऱ्यांनी असे करू नये, हे तिसऱ्या पानावर होते.)

आठवड्यात बोट काळे पडले. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले.

"बूट जिथं घासतो, तिथं कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. तेच कुरूप," त्या म्हणाल्या. "वेळेवर आला असतात तर मी वरच्यावर खरवडून, मऊ गादी लावून घरी पाठवलं असतं. आता बोट काढावं लागेल."

मग त्यांनी माझा बूट उलटा केला. "सात नंबर. तुमचा पाय नऊचा आहे, आजोबा."

"सात नंबर कारभारीभावजींचा हुता," सत्यशीला हळूच म्हणाली. "त्यो कावळा उगं बसला न्हवता, अहो."

(माझे नऊ नंबरचे बूट दानात गेले होते.)

बोट गेले. जखम भरल्यावर सत्यशीलेने ते बूट कारभारींच्या घरी पोचवायला पिशवीत घातले. मी डावा बाहेर काढून एकदा पायात घालून पाहिला. अगदी बरोबर बसला.

"वेळ लागतो, एवढेच माझे म्हणणे होते," मी म्हणालो.

सत्यशीला त्या कावळ्यासारखीच माझ्या उजव्या पायाकडे पाहत राहिली.