लिंबाजी अण्णांची फेरमोजणी

आमच्या बोरीत कुणाकडं बारसं असलं की लोक पेढा खातात आणि घरी जातात. लिंबाजी अण्णा पेढा खातात आणि मृत्युपत्र बदलायला बसतात. बारसं नात्यातलं असलं, तर दुसऱ्याच दिवशी.

अण्णा माझे शेजारी. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. बांधावरून डोकी फुटलेली माणसं त्यांनी इतकी पाहिली, की आपल्यामागं कुणी भांडू नये ही एकच धास्ती त्यांच्या मनात बसली. मूलबाळ नाही, बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. तीन पुतणे आणि एक भाची, एवढाच गोतावळा. त्यांच्यात कुणाचं लग्न ठरलं, कुणी गाव बदललं, की सकाळीच भिंतीपलीकडून हाक येते, "मास्टर, खुणा हलल्या! फेरमोजणी करावी लागतीय."

मी शिंपी, म्हणून मास्टर. मशीन बंद करायची आणि साक्षीदार म्हणून सही करायला जायचं, हे ठरलेलं. दुसरे साक्षीदार गिरणीवाले कदम.

या कारभारात आमचा पार गोंधळ उडायचा. अण्णांनी म्हैस भाचीच्या नावानं केली आणि दोन महिन्यांनी विकून टाकली. मग म्हशीच्या जागी कपाट लिहिलं, तर ते आधीच मधल्या पुतण्याला दिलेलं निघालं. एकदा तर जुना कागद फाडायचा म्हणून त्यांनी नवाच फाडला.

"आता खरं कोणतं?" कदमांनी विचारलं.

अण्णा तुकड्यांकडं बघत म्हणाले, "थांबा जरा. मलाच कळंना झालंय."

आठ वेळा मी सही केली. नवव्या वेळी हाक आलीच नाही. भिंतीवरून डोकावून पाहतो, तर अण्णांच्या ओसरीत कदमांशेजारी दूधवाला बसलेला, हातात पेन घेऊन!

मला लय लागलं. काय चुकलं? मागच्या सदऱ्याची बाही तोकडी झाली होती, त्याचा राग? दोन दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही खिसे मी एकाच बाजूला लावले. तिसऱ्या दिवशी न राहवून गेलो.

"अण्णा, माझी सही बाद झाली का?"

ते गडबडले. "तसं न्हाई, मास्टर. वकील म्हणला, ज्याला काही द्यायचंय त्याची साक्ष घेऊ नका."

"म्हणजे?"

"ही पुढची खोली तुमच्या नावानं करायलोय. तुमचं दुकान भाड्याचं. पुतण्यांना फोन करून इचारलं, त्यांची ना न्हाई."

अण्णांनी कागद पुढं सरकवला. प्रत्येकाच्या नावापुढं नातं लिहिलेलं होतं. माझ्या नावापुढची जागा कोरी. खाली सह्याही नव्हत्या.

"इथंच अडलंय," ते म्हणाले. "शेजारी लिहिलं तर कोरडं वाटतंय. दोस्त लिहिलं तर वकील हसायलाय. भाऊ लिहावं वाटतंय, पण तुमाला न इचारता कसं लिहू? म्हणून परवा त्या दोघांना तसंच माघारी धाडलं."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.