धिंगरी येत आहे

धिंगरी अळिंबीच्या टोपीची कड खाली वळलेली असते तोवर ती वाढत असते. कड सरळ झाली की तोडायची. वर उचलली गेली की उशीर झाला. बुधवारी सकाळी संघप्रियाने अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या पिशव्या टॉर्च घेऊन पाहिल्या. कडा अजून खाली होत्या. शनिवारपर्यंत सरळ होतील, असा तिचा अंदाज होता. गिऱ्हाइकांबद्दल मात्र काहीच अंदाज बांधता येत नव्हता, कारण गिऱ्हाईक नव्हतंच.

पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्यांसाठी, त्या रानअळिंबीसाठी, अख्खं गाव जंगल पालथं घालायचं. पण धानाच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत सुनेने उगवलेली अळिंबी खायला कोणी तयार नव्हतं. सासू गिरजाबाई तर तिला हातही लावत नव्हत्या.

संघप्रिया चिमूरच्या एका कॉलेजात कंत्राटी प्रयोगशाळा सहायक होती. कंत्राट पुढे हवं की नको, हे सोमवारी लिहून द्यायचं होतं. धिंगरी चालली तर नोकरी सोडायची, हे तिने वर्षभर मनात घोळवलं होतं. गिरजाबाई रोज विचारायच्या, "काय ठरवलं वं?" ती रोज म्हणायची, "पाहू."

तिने फेसबुकवर जाहिरात टाकली होती. 'प्रथिने व तंतुमय घटकांनी युक्त.' आकार कळावा म्हणून फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवली होती. भामरागडला नोकरीवर असलेल्या नवऱ्याने, राजदीपने, नेटवर्क मिळाल्यावर जाहिरातीला लाईक दिला आणि मग फोन करून विचारलं, "हे काय होय?"

शेजारच्या प्रवीणने जाहिरात पाहिली आणि तो तडक तिच्याकडे आला. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला, की जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करणं, हा त्याचा धंदा.

"वहिनी, ही जाहिरात होय का बिमारीचा रिपोर्ट? माह्यावर सोडा."

संध्याकाळी त्याने व्हिडिओ आणून दिला. लाल पडद्यावर सोनेरी अक्षरं, आणि मागे त्याचा घोगरा आवाज: 'येत आहे, येत आहे! अंधाऱ्या खोलीत वाढलेली, सूर्याचं तोंड न पाहिलेली... धिंगरी! शनिवारी सायंकाळी सहा वाजता, गिरजाबाईंच्या घरासमोरच्या पटांगणात. सहकुटुंब या!'

"यात अळिंबी कुठी आहे?"

"सस्पेन्स हाय, वहिनी. पहिलेच सांगतलं तर कोन येते?"

हा तर्क तिला पटला नाही, पण तिच्या जाहिरातीला गिऱ्हाईकही आलं नव्हतं. फेसबुकवर आसपासची गावं नीट निवडून तिने ही जाहिरात सोडली. दुसऱ्या दिवशी प्रश्नांचा पाऊस पडला. संघप्रियाने प्रत्येकाला अचूक उत्तर दिलं.

'धिंगरी कोणत्या गावची?' 'आमच्या घरचीच.'

'किती वेळ चालते?' 'फ्रीजमध्ये दोन दिवस.'

'लहान लेकरं आणली तर जमते का?' 'मुलांना चालते. पण पूर्ण शिजवूनच.'

त्या माणसाने बऱ्याच वेळाने लिहिलं, 'समजलं नाई, पन येतो.'

शनिवारी दुपारी नणंद खुशबू तीन लेकरं आणि गोधड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. "आई, घरासमोर नाटक हाय न मले सांगतलंबी नाई?" गावात नाटक असलं की पाहुण्यांना निमंत्रण लागत नाही. तिच्यामागून मावशा आल्या, मावशांच्या जावा आल्या. मग मंडपवाले बाबूभाई जनरेटर आणि माईक घेऊन आले.

"कोणी बोलावलं, बाबूभाई?"

"प्रवीणचा आवाज ऐकला ना. त्याचा आवाज आला का मी सामान भरतो."

संघप्रियाने प्रवीणला फोन लावला. तो वडशाला दुसऱ्या नाटकाचा पुकारा करत होता. "लोकं नाटक समजले का?" तो म्हणाला. "मंग आता परत पाठवू नका, वहिनी. लोकं धा वर्षं बोलतीन."

ती फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली, तर गिरजाबाई मोठ्या गंजात रस्सा ढवळत होत्या. शेजारी सकाळी तोडलेल्या धिंगरीचं टोपलं रिकामं होतं.

"आई, ती विकायची होती."

"एवढ्या पाहुण्यायले काय मोजपट्टी वाढू? घरात दुसरं काई नोहतं."

ओसरीवरून खुशबूचा आवाज आला, "आई, मटन अजून हाय का?"

सहा वाजता पटांगण भरलं होतं. चटया, गोधड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, चणे-फुटाणेवाला. शिट्ट्या सुरू झाल्या. खोलीत उरलेला एकुलता एक झुबका ताटात घेऊन संघप्रिया माईकसमोर गेली.

"ही धिंगरी," ती म्हणाली.

पुढच्या चटईवरचा एक म्हातारा म्हणाला, "हिरोईनच्या मानानं लहान हाय."

"खायची असते."

"बाकीची कुठी हाय?"

"पाहुण्यांनी खाल्ली."

"ते मटन नोहतं?" खुशबू उठून उभी राहिली. "मी दोनदा घेतलं की, वं."

लोक हसले. बायका विचारू लागल्या, शिजवायची कशी, पुढच्या हप्त्यात मिळेल का. मागून मात्र आवाज आला, "ते ठीक हाय, पन गोष्ट काय हाय? एवढ्या दुरून आलो आमी."

संघप्रियाला गोष्ट येत नव्हती. जे माहीत होतं तेच ती सांगू लागली. एक बाई होती. तिने तणस उकळायला सासूचा गंज न विचारता घेतला. सासू तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. पहिल्या सगळ्या पिशव्यांना हिरवी बुरशी लागली आणि त्या तिने रडत रडत पुरल्या. इथे मागच्या बायका हळहळल्या. दिवसा नोकरी असल्यामुळे पिशव्यांना वेळेवर पाणी मिळेना. आता सोमवारी तिला लिहून द्यायचं आहे, नोकरी हवी की नको.

ती थांबली. पुढची गोष्ट तिलाच माहीत नव्हती.

पहिल्या रांगेत, नातवाला गोधडीत घेऊन बसलेल्या गिरजाबाईंनी विचारलं, "मंग? त्या बाईनं काय ठरवलं?"

"पाहू," संघप्रिया सवयीने म्हणाली.

"पाहू नाई. लोकं थंडीत बसून हायेत."

संघप्रियाने माईक जवळ ओढला.

"नोकरी नको, असं ठरवलं," ती म्हणाली. मग गिरजाबाईंकडे पाहून तिने नीट सांगितलं, "आई, मी सोमवारी तसं लिहून देऊन राह्यली."