म्हाळू गडदे यांचे अर्धे राहिलेल्या सुंबरानाची हकीकत

श्रीबिरोबाचे पायी मस्तक ठेवून, जे डोळां देखिले तेच लिहितो, पदरचे घालीत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौषमासी, माणदेशीचे माळावर पंप घडविणारी एक थोर दौलत नांदत होती, तिचे वार्षिक सभेचे वर्तमान येणेप्रमाणे. दौलतीचे मुख्य निरंजनराव केळुसकर यांणी मसलत बोलाविली आणि आज्ञा केली की, "यंदा शहरातले पाहुणे आणि परमुलखीचे गिऱ्हाईक कारखान्यावर येणार. सभा इथेच भरवावी, आणि संध्याकाळची मेजवानी इथल्या मातीची दिसली पाहिजे." मग कामगिरी कल्याणीबाई शिरवळकर यांजकडे सोपविली. बाई वयाने तिशीच्या, दौलतीत चार वर्षे चाकरीस, कामास चोख. लोकांनी सल्ला दिला की पुण्याहून नाचणारे आणवावे, फेटे बांधावे, थर्माकोलाचे देऊळ उभारावे, म्हणजे जाहले. परंतु बाईंचे मनास ते येईना. मग त्या स्वतः माळ तुडवीत कारखान्यामागील वाडीस गेल्या आणि तेथे म्हाळू गडदे यांस भेटल्या.

हे म्हाळू गडदे धनगर, वय शहात्तर, ओवी गाण्यात त्या मुलखी त्यांजसारखा दुजा नव्हता. त्यांचे चुलतभाऊ धुळाप्पा मागून झील धरीत, आणखी दोघे सोबती ढोल व झांज वाजवीत. परंतु सहा वर्षे चौघे एकत्र बसले नव्हते. धुळाप्पांचा लेक सुरतेस गिरणीत होता, तो बापास कायमचे घेऊन जावयास आला होता, आणि बोचकी बांधून तयार होती. बाईंनी हेतू सांगितला, तेव्हा म्हाळूंनी आधी धुळाप्पांचे बोचक्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "गातो की. पर एक हाय बाई. सुंबरान मांडलं म्हंजी देवाला बोलवणं केलं. त्येला वाटंत सोडून उठता येत न्हाय. तासभर लागंल. दिशील का?"

बाई म्हणाल्या, "दिला, आजोबा. माझा शब्द."

मग धुळाप्पांनी लेकास आठ दिवस थांबविले आणि चौघे म्हातारे रोज सकाळी बाभळीखाली बसून ओवी घोळवू लागले. आणि बाई कचेरी सोडून दोनदा तेथे जाऊन ऐकत बसल्या. धुळाप्पांस ऐकू कमी येई, ते म्हाळूंचे ओठांकडे पाहून झील उचलीत आणि एकदाही चुकत नसत, हे बाईंनी आम्हां कचेरीतल्या सोबत्यांस येऊन हर्षाने सांगितले.

सभेचा दिवस उगवला. निरंजनराव बोलावयास उभे राहिले ते अर्ध्या तासाचे ठायी दोन तास बोलिले, आणि मग पाहुण्यांनी प्रश्न पुसिले, आणि मग बक्षिसे वाटिली, आणि ऊन कलले तरी सभा सरेना. चौघे म्हातारे नवी घोंगडी पांघरून मांडवाचे मागे दुपारपासून बसून होते. बाईंनी पाणी दिले तर म्हणाले, गाऊन झाल्यावर पिऊ. मग निरंजनरावांनी बाईंस बोलावून सांगितले, "पाहुण्यांना साडेसातला निघायचंय. त्या लोकांना दहा मिनिटं द्या. फोटोपुरतं."

बाई म्हणाल्या, "सर, मी त्यांना तासाचा शब्द दिलाय."

"तुम्ही दिलात, मी नाही. सांगा त्यांना."

बाई मांडवामागे गेल्या, परंतु म्हाताऱ्यांचे तोंडाकडे पाहून त्यांची जीभ उचलेना. त्यांणी काही न सांगता चौघांस रंगमंचावर नेले. येथे त्या चुकल्या, ऐसे त्या आजही म्हणतात. म्हाळूंनी कानावर हात ठेवून सुंबरान मांडिले, धुळाप्पांनी झील उचलिली, आणि सत्य लिहितो, मेजवानीतले चमचे वाजावयाचे थांबले. बिरोबाची जन्मकथा निम्मी जाहली, देव रानात एकटा पाळण्यात आहे, ऐसे ठिकाणी ओवी आली. तो निरंजनरावांनी घड्याळ पाहिले आणि आम्हांकडे पाहून हात हलविला. आम्ही पहिले रांगेत होतो. चाकरीचे भय मोठे. आम्ही उठून टाळी वाजविली, मग सारी सभा उठून टाळी वाजवू लागली, आणि ध्वनिक्षेपकावर दुसरे गाणे लागले. म्हाळू थांबले. धुळाप्पांस काहीच ऐकू आले नाही, ते तसेच पुढली झील गात राहिले, मग म्हाळूंनी त्यांचे खांद्यावर हात ठेविला तेव्हा गप्प जाहले. पाहुणे चौघांशेजारी उभे राहून तसबिरी काढून घेऊ लागले. चौघे जेवले नाहीत. पाणीही न पिता माळाकडे चालते जाहले. बाई मागे धावल्या, परंतु त्यांणी मागे पाहिले नाही.

दुसरे दिवशी धुळाप्पा सुरतेस गेले. पंधरवड्याने कल्याणीबाई वाडीस गेल्या, आणि म्हाळूंचे पाय धरून रडल्या. म्हाळू म्हणाले, "ऊठ पोरी. तुजा राग न्हाय. तू चालत आलीस म्हून आमी चौघं परत एका जागी बसलो. आठ दिस लई ग्वाड गेलं."

बाई म्हणाल्या, "आजोबा, आत्ता पुरं करा ना. इथंच. मी झील धरते."

म्हातारे हसले. "येतीय व्हय तुला?"

"आठवेल तेवढी धरीन."

मग म्हाळूंनी कानावर हात ठेविला आणि एक ओवी म्हटली. बाईंनी कापरे आवाजात झील उचलिली. दुसरी म्हटली, बाईंनी तीही उचलिली. तिसरीस म्हाळूंचा हात कानावरून खाली आला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी. मागनं धुळाचाच आवाज येतुय."

तात्पर्य, सभा यशस्वी जाहली, ऐसे कचेरीचे दप्तरी लिहिले आहे. बाईंनी पुढील सालची कामगिरी घेतली नाही. निरंजनराव वाईट मनुष्य नव्हते, त्यांस घाई होती. आम्हांस तर घाईही नव्हती, तरी आम्ही टाळी वाजविली. पाळण्यातला देव पुढे कोणी उचलिला, हे आम्ही कित्येकांस पुसिले. झील धरणारा आता सुरतेत आहे आणि गाणारा त्याविना सांगत नाही. लेखनसीमा.