पावणेअठरा इंच

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत पेडणेकरकाका दर रविवारी दहा वाजता गॅलरीत येऊन एका माशाची लांबी जाहीर करतात. माणूस गोदीतला रिटायर फिटर. हातात स्टीलची दोन फुटी पट्टी आणि तोंडात एकच वाक्य: "सुताचो फरक पडलो तर जहाज बुडता!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मासा म्हणजे गोड्या पाण्यातली वाम. आणला तेव्हा पेन्सिलीएवढा. काळपट अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे आणि हत्तीची सोंड धुवून आटल्यासारखं नाक. दिवसभर वाळूत पुरलेला, बाहेर तेवढं नाक. "असला मासा पाळायचा कशाला?" विचारलं तर काका म्हणतात, "नाक दिसता मां!" त्याला सोललेली कोलंबी, काकांना कुळथाची पिठी.

मागल्या वर्षी हे ध्यान टाकीतून निसटून गॅलरीत आलं. शेजारच्या सावंतकाकू 'साप!' म्हणून किंचाळत पाण्याच्या पिंपावर चढल्या. चाळ कमिटीनं ठराव केला: मासा दीड फुटाचा झाला की दुकानात परत. काकांनी मुकाट सही केली. तेव्हापासून मासा पावणेअठरा इंचांवर अडकलाय.

माझं डोकं फिरलं. मी पत्रकं काढते, पाण्यासाठी, संडासासाठी. मग माशासाठी का नाही? 'काचेच्या खोलीत वाढ खुंटलेल्या जिवाला न्याय द्या!' खाली माशाचं चित्र काढून जिन्यात चिकटवलं. (आम्ही पाच जण दहा बाय बारात वाढलो, हा मुद्दा घ्यायचा राहिला.) संध्याकाळी माझ्या चित्रावर लाल पेन्सिलीनं दुरुस्ती होती: 'पट्टो पोटार नाय, बाजूक.'

परवाच्या रविवारी मी थेट दारात उभी राहिले. "आज मी मोजणार."

चाळ जमली. काकांनी मला आत घेतलं आणि दार लावलं.

आत खाट नव्हती. दोन महिने ती गॅलरीत का, तर "उकडता." तिच्या जागी भिंतभर टाकी, झाकणावर पाटा-वरवंटा. काकांनी कोलंबी धरली. मासा काचेला लागून सरळ झाला. मी पट्टी लावली. बावीस इंच, दोन सूत.

"काका, हे धडधडीत खोटं आहे!"

काका पट्टी पुसत राहिले. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मधू, पाच वर्षं. मधू, दहा. सगळ्यात वर: मधू, दुबई.

"तोय असोच वाढलो, चेडवा," काका म्हणाले. "मोठो झालो नि गेलो."

बाहेरून सावंतकाकू ओरडल्या, "किती झालो गो?"

खोटारडेपणाविरुद्ध मी आजवर चौदा पत्रकं काढलीत. मी दार उघडलं.

"पावणेअठरा!"

मागून काका खाकरले. "दीड फुटाक दोन सूत कमीच."