सुकाणूसमोरची रेघ

सोमाभाऊंच्या नावेत चढण्याआधी फळा वाचावा लागतो.

नदी वैनगंगा, घाट वडशापासून चार कोसांवर, आणि नाव म्हणजे सागाच्या फळ्यांची, पंधरा माणसं नि दोन बकऱ्या मावतील एवढी. तरी फळा आहेच. काठावरच्या मोहाच्या झाडाला टांगलेला, शाळेत असतो तसा. त्यावर पांढऱ्या रंगाने चार जागा रंगवल्या आहेत : सुकाणू, पुढचा बांबू, मागचा बांबू, पाणी उपसणे. प्रत्येक जागेसमोर खडूने एका माणसाचं नाव, आणि त्याच्यापुढे त्याच्या बदलीवरच्या माणसाचं. जागा रंगात आणि माणसं खडूत का, असं मी एकदा विचारलं होतं.

"माणसं येतात, जातात. जागा राह्यते जी," सोमाभाऊ म्हणाले.

चारांतली एक जागा जरी रिकामी असली तरी फळ्यावर लाल फडकं चढतं आणि नाव हलत नाही. मग काठावर कोणी का उभा असेना. एकदा पटवारीसाहेब दप्तर बगलेत मारून आले. पाणी उपसणारा तापाने पडलेला, त्याचा बदलीवाला लग्नाला गेलेला. साहेब म्हणाले, "अहो, नाव कोरडी ठणठणीत आहे. उपसायचं काय?"

"आता कोरडी हाये. मधात गेल्यावर कशी राहीन, ते तुमाले ठाऊक हाये का?"

"मला उशीर होतोय."

"मंग जागा भरा जी," असं म्हणून सोमाभाऊंनी टिनाचा डबा साहेबांच्या हातात दिला आणि फळ्यावर खडूने लिहिलं : पाणी उपसणे, पटवारीसाहेब. ते नाव दिवसभर तसंच राहिलं. बाजारला जाणारा प्रत्येक माणूस थांबून ते मोठ्याने वाचत होता. पटवारीसाहेब परतीला दुसऱ्या घाटावरून गेले.

हे सगळं आलं आरमारातून. लढाईच्या काळात सोमाभाऊ मुंबईला जाऊन भरती झाले. ढिवर घरातला माणूस, पाण्यात वाढलेला. साहेबाने खुशीने घेतलं आणि थेट जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे भट्टी दिसते, नळ दिसतात, पाणी काही दिसत नाही. "पाच वर्सं समुद्रावर होतो. समुद्र मोजून नऊ डाव पाह्यला," असं ते सांगतात. परत येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या. एक शिट्टी, एक लाकडी हातोडी आणि दुरुस्तीचं वेळापत्रक.

शिट्टी नाव सुटताना. हातोडी रोज सकाळी. उजाडलं की सोमाभाऊ नावेच्या कडेने फिरत एकेक फळी ठोकतात आणि डॉक्टर पाठीला कान लावतो तसा कान लावून ऐकतात. लाकूड चांगलं असेल तर ठण्ण वाजतं, पाणी प्यायलेलं असेल तर ठप्प. वेळापत्रक मात्र साऱ्या गावाला तोंडपाठ झालं होतं. रोजचं काम, आठवड्याचं काम, महिन्याचं काम, आणि वर्षातून एकदा गोदी. गोदी म्हणजे काठावरची रेती. तिथे नाव ओढून पालथी घालायची, जुना काथ्या खरवडून काढायचा, फटींत अंबाडीचा नवा काथ्या ठोकायचा आणि वरून राळ नि टोळीचं तेल कढवून लावायचं. टोळी म्हणजे मोहाचं बी. ते तेल कढायला लागलं की अर्ध्या कोसावर कळतं की सोमाभाऊंची गोदी सुरू झाली.

नावा दोन. मोठी आणि धाकटी. पण दोन्ही एकदम पाण्यात कधी नाहीत. एक पाण्यात असली की दुसरी रेतीवर. काठावर गर्दी मावेना झाली तरी हा नियम मोडत नसे. पुढच्या बांबूवर फागू असतो. त्याची जीभ त्याच्या बांबूपेक्षा लांब.

"सोमाभाऊ, दोन नावा असून एकच चालवता. दुसरी काय लोणच्याले ठेवली का?"

"आरमारात जहाजांचे तीन हिस्से राह्यतात. एक पाण्यात, एक गोदीत, एक तालमीत."

"मंग लढते कोण?"

"पाण्यात हाये तो. पर गोदीवाला नसला तं तो किती दिवस लढन?"

माझी आणि त्यांची ओळख सरकारी म्हणावी तशीच. मी इथल्या दवाखान्यात नर्स. मंगळवारी आणि शुक्रवारी पलीकडची गावं माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात पलीकडे एक बाई अडली होती. मी पेटी घेऊन धावत घाटावर आले, तर लाल फडकं. पाणी उपसणारा नाही.

मी म्हटलं, "बाळ थांबणार नाही."

"म्हणूनच घ्या डबा," सोमाभाऊ म्हणाले.

मी रागाने डबा घेतला आणि मधल्या धारेपर्यंत पाणी उपसलं, कारण मधल्या धारेला खरंच पाणी आलं. बाळ सुखरूप झालं. येताना माझा राग गेला होता. माझी कात्री उकळलेली आहे की नाही हे मी घरून निघतानाच बघते, बाळ बाहेर येताना नाही. तेव्हा हा माणूस मला कळला. मी त्याला वेडा म्हणणं बंद केलं. गावाने केलं नाही.

पुढे डब्यावरून बांबूवर आणि बांबूवरून सुकाणूवर मी कशी गेले, ते माझ्याही नीट लक्षात आलं नाही. गेली दोन वर्षं असं चाललं होतं की मधल्या धारेच्या जरा अलीकडे सोमाभाऊ म्हणायचे, "बाई, जरा सुकाणू धरा. मले तंबाखू घोटाची हाये." मी धरायची. ते तंबाखू घोटता घोटता माझ्यावर ओरडायचे. "धारेले आडवं काऊन जाता? तिरपी घ्या, तिरपी! त्या काळ्या दगडाकडे तोंड ठेवा!" घोटलेली तंबाखू मात्र ते स्वतः कधी खात नसत. मागच्या बांबूवरच्या इस्माईलच्या हातावर ठेवत. मला वाटायचं, काय आळशी माणूस आहे, काम टाळायला नसलेलं व्यसन काढतो.

फळ्यावर प्रत्येकाला बदलीचा माणूस होता. फक्त सुकाणूसमोर 'सोमाजी' आणि त्याच्यापुढे खडूची एक आडवी रेघ. रोज सकाळी बाकीची नावं लिहिली की ती रेघही ते नव्याने ओढत.

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं. त्या वर्षी मंडई पलीकडच्या गावात होती. मोठी नाव दहा दिवस गोदीत राहून आदल्याच दिवशी पाण्यात उतरली होती. सोमाभाऊंनी दिवसभर तिच्यात बसून पाणी येतं का पाहिलं होतं. टिपूस नव्हतं. फळ्यावर पांढरं फडकं चढलं. दुपारच्या फेरीला नाटकमंडळी, त्यांची कपड्यांची पेटी, पेटीवर बसलेला राजा आणि मी.

मधल्या धारेत माझे पाय ओले झाले. बघते तर उजव्या कुशीतून पाण्याची धार सरळ पेटीवर. शिट्टी झाली. सगळ्यांनी हाताला लागेल त्याने उपसायला घेतलं. राजाने आपल्या टिनाच्या मुकुटाने उपसलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं जोरात कोणीच उपसलं नाही. नाव लागली. कोणाला काही झालं नाही. रात्री दरबारात राजा, प्रधान आणि राणी तिघंही ओल्या कपड्यांत काकडत उभे होते, आणि लोकांनी त्या काकडण्याला टाळ्या दिल्या. फागूने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "जहाजीची नाव राजाले बी उपसाले लावते."

सोमाभाऊ हसले नाहीत. त्यांनी मोठी पुन्हा रेतीवर ओढली. वरून तिसऱ्या जोडाला वीतभर फटीत काथ्या भरलेलाच नव्हता. नाव रिकामी असली की ती फट पाण्याच्या वर राहायची. भरली की खाली जायची. हातोडीला लाकूड ऐकू येतं. फट बघावीच लागते.

सकाळी मी घाटावर गेले तर लाल फडकं. नाव धाकटी, माणसं हजर, तरी फडकं लाल. फळ्याच्या खाली 'दुरुस्तीत' असा एक रकाना आहे. तिथे 'मोठी' असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खाली 'सोमाजी'.

"हे काय?" मी विचारलं.

"जे नीट नाई, ते तिथी लिहाचं."

मी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं. पापणी वर केली. दोन्ही बुबुळांत पांढरा मोतीबिंदू, उजव्यात पुरता पिकलेला.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोनक वर्सं झाली असतील. काळा दगड दिसत नाई. म्हणून तं तुमाले..." ते थांबले.

"तंबाखू."

"हो जी."

मला राग आला आणि तो मी तिथल्या तिथे काढला. दोन वर्षं आंधळ्या माणसाने माणसांनी भरलेली नाव नेली, हे मी त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "धारेत सुकाणू तुमच्या हातात राहे. तुमी नसल्या त्या दिवशी फागू सांगे, मी वळवू."

फागूने मान फिरवली. म्हणजे एवढ्या लांब जिभेच्या माणसाने दोन वर्षं ही एक गोष्ट पोटात ठेवली होती.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होते, सहा आठवडे लागतील, असं मी सांगितलं. ते नाही म्हणाले. सहा आठवडे घाट बंद राहिला तर त्याचा ठेका दुसऱ्याला जाईल, आणि दुसरा दोन्ही नावा एकदम पाण्यात घालील. दोन पावसाळ्यांत दोन्ही सरपणाला. इस्माईल सुकाणू धरील म्हटलं, तर मागच्या बांबूवर त्याचा बदलीवाला जाणार, मग बदलीची जागा रिकामी. जागा भरली पाहिजे.

"मी धरते," मी म्हटलं. "दवाखाना उघडायच्या आधी दोन फेऱ्या, बंद झाल्यावर दोन. ज्याला मधेच जायचंय त्याने थांबावं."

फागू म्हणाला, "आन् बाळंतपणं सोमाभाऊ करतीन का?"

"तू पुढचा बांबू सांभाळ," मी म्हटलं.

सोमाभाऊंनी माझी परीक्षा घेतली. भरलेली नाव, आणि ते मध्ये उतारूसारखे बसलेले, डोळे मिटून. जाऊन-येऊन चार वेळा. एकदाही ओरडले नाहीत. उतरल्यावर एवढंच विचारलं, "तुमचं नाव काय जी? कागदावरचं?"

सात वर्षांत या गावात मला माझं नाव कोणी विचारलं नव्हतं. मी नर्सबाई होते. मी सांगितलं, "सुशीला."

संध्याकाळी मी दवाखान्याची चिठ्ठी लिहायला बसले. नाव, गाव, वय झालं. पुढचा रकाना होता, जवळचं माणूस.

"कोण लिहू?"

सोमाभाऊंनी डोकं खाजवलं. "आरमारात बी हा रकाना रिकामाच होता. साहेब म्हणे, तुले काही झालं तं खबर कोणाले द्याची? मी म्हणलं, जहाजाले द्या. तो हसला. मी काही गंमत नवती केली."

मी त्या रकान्यात काय लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं नाही. दिसत तर नव्हतंच.

ते बैलगाडीने वडशाला आणि तिथून आगगाडीने गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फळा धुवायला म्हणून घरी नेला होता. सकाळी इस्माईलने तो झाडाला टांगला. सुकाणूसमोरची रेघ गेली होती. तिथे 'सुशीलाबाई' असं लिहिलं होतं, पांढऱ्या रंगाने. अक्षरं उतरणीला लागली होती, शेवटची 'ई' पुढच्या बांबूच्या जागेत जाऊन बसली होती. एक फळी तसूभर तिरपी बसली तर ती उपटून पुन्हा बसवणाऱ्या माणसाचं हे अक्षर. फागूने ते मोठ्याने वाचलं आणि आपला बांबू उचलला.

सहा आठवडे नाव चालली. एकदा मी ती काळ्या दगडाला घासली. वेळापत्रकात लिहून ठेवलं आणि इस्माईलने ती फळी बदलली.

सोमाभाऊ आले ते बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावून. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची पुढच्या वर्षी. "दोन्ही एकदम गोदीत नाई," ते खुशीने म्हणाले. हातोडी घेऊन सगळ्या फळ्या ठोकल्या, बदललेली फळी अचूक शोधली, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग फळ्यापुढे जाऊन उभे राहिले.

"ओळ वाकडी गेली जी."

"खडूने लिहायचं होतं," मी म्हटलं. "पुसता आलं असतं."

"म्हणूनच नाई लिह्यलं."

त्यांनी 'दुरुस्तीत'मधलं स्वतःचं नाव बाहीने पुसलं आणि शिट्टी वाजवली. नाव निघाली. काळा दगड आता त्यांना दिसत होता, कारण मला दिसायच्या आधी त्यांनीच तो बोटाने दाखवला. मधली धार जवळ आली तशी त्यांनी खिशातून डबी काढली.

"बाई, जरा सुकाणू धरा. मले तंबाखू घोटाची हाये."