चाळीसपैकी चार

उत्तर न दिलेलं पत्र कपाटात बोटभर जागा घेतं, पण घरात ते एका माणसाएवढी जागा व्यापतं. वारज्याच्या अपेक्षाचं पत्र आमच्याकडे तेवीस दिवस राहत होतं. मी त्याला वाटीखाली, शब्दकोशाखाली, शेवटी वर्तमानपत्रांच्या रद्दीखाली ठेवून पाहिलं. ते कुठेही मावलं नाही.

पत्र माझ्याकडे आलं, कारण मी ‘किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा मापन समिती’चा पत्रव्यवहार सचिव आहे. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. मी सभेत बोलत नाही, म्हणून मला लिहिण्याचं काम द्यावं असं सर्वानुमते ठरलं. (मत माझंही विचारलं होतं. मी बोललो नाही.)

समितीत आम्ही अकरा जण. त्यांतले नऊ निवृत्त शिक्षक. अध्यक्ष श्यामराव, माजी मुख्याध्यापक. आम्हा अकरांखेरीज बारावी अपूर्वा, शाळांमधून मुलांचं समुपदेशन करणारी तरुण मुलगी. तिला मत नव्हतं, फक्त निमंत्रण होतं.

अपूर्वाने दहा प्रश्नांचा फॉर्म तयार केला. जोडीदार तुमचा फोन तपासतो का? काय घालायचं ते ठरवतो का? मैत्रिणींकडे जाऊ देत नाही का? हात पिरगळतो का? ‘तू सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणतो का? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार अंक, एकूण चाळीस. मुलांना देण्याआधी फॉर्म कुठेतरी तपासून पाहायला हवा होता. श्यामराव म्हणाले, आदर्श जोडपी शोधत गावभर कशाला फिरायचं? आम्ही अकराही जणांनी फॉर्म घरी नेले आणि आपापल्या सौभाग्यवतींकडून भरून आणले.

निकाल लागला तेव्हा श्यामरावांनी पेढे वाटले. त्यांना चाळीसपैकी छत्तीस पडले होते.

“पेहरावात पैकीच्या पैकी,” ते म्हणाले. “पद्मजाच्या साड्या एक्केचाळीस वर्षं मीच आणतो. तिला विचारावंसुद्धा लागत नाही.”

कोषाध्यक्षांना तेहतीस पडले. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. फोन तपासण्यात त्यांना दोनच अंक मिळाले होते, पण त्यांच्या पत्नीकडे फोन नव्हताच. मग हे दोन अंक कापले कशाबद्दल, असा त्यांचा सवाल होता. मला चार पडले. एकूण चाळीसपैकी चार. चारही एकाच, आठव्या प्रश्नाचे: ‘तुमच्या बोलण्याला उत्तरच देत नाही का?’

“मनाला लावून घेऊ नका,” श्यामराव माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “तुमचा स्वभावच भिडस्त.”

मी पेढा घेतला. नापास माणसाने गोड खावं की नाही याबद्दल मला शंका होती.

तेवढ्यात अपूर्वा हळूच म्हणाली, “काका, हे मार्क नाहीयेत. जितके जास्त, तितका त्रास जास्त.”

पेढे तोंडात होते आणि ते परत करण्याची सोय नव्हती. पण श्यामरावांनी छत्तीस वर्षं शाळा चालवली आहे. पाच मिनिटांत त्यांनी मार्ग काढला. माझे चार अंक अपवाद म्हणून वगळून उरलेल्या दहा सुप्रतिष्ठित घरांची सरासरी एकतीस येते. म्हणजे सुखी संसाराला एकतीसपर्यंत त्रास लागतोच. अर्थात एकतीसच्या आत ते सामान्य. अपूर्वाने विरोध नोंदवायला सांगितला. तो मीच नोंदवला, सुवाच्य अक्षरात.

मग चारशे बारा मुलामुलींनी फॉर्म भरले. सर्वाधिक अंक सत्तावीस. हिंसा शून्य टक्के. अहवालात एक वाक्य घातलं गेलं, की नव्या पिढीला अजून बराच पल्ला गाठायचा आहे. सभागृहात शाल-श्रीफळासह कार्डवाटप झालं. (गोपनीयतेसाठी प्रत्येकाचे नाव आणि अंक माइकवरून एकदाच वाचण्यात आले.) प्रत्येक प्लास्टिकबंद कार्डावर अंक, शेरा आणि खाली माझी सही होती.

अपेक्षाने लिहिलं होतं:

“सचिव सर, माझ्या कार्डावर ‘१९, सामान्य’ असं आहे. सौरभने ते बघितलं. म्हणाला, बघ, समितीने लिहून दिलंय. आता ते कार्ड त्याच्या पाकिटात असतं. मी काही बोलले की काढून दाखवतो. मला त्याची भीती वाटते. सामान्य मुलींना वाटते का? फोन तो बघतो म्हणून कागदावर लिहिलंय. उत्तर मावशीच्या पत्त्यावर पाठवा.”

मी पत्र श्यामरावांना दाखवलं. ते म्हणाले, अंक सामान्य असताना भीती वाटणं हा समितीच्या कक्षेतला विषय नाही. मी ‘आपले पत्र मिळाले’ एवढं लिहिलं. मग ‘मिळाले’ खोडून ‘पावले’ केलं. मग पुन्हा ‘मिळाले’. असे तेवीस दिवस गेले.

चोविसाव्या दिवशी सकाळी माझ्या पत्नीने, हेमाने, चहाचा कप ठेवला आणि विचारलं, “अहो, त्या पोरीला उत्तर दिलंत?”

मी बशीकडे बघत राहिलो.

“चारपैकी चार,” ती म्हणाली आणि आत गेली.

चहा निवायच्या आत मी पत्र लिहिलं. खाडाखोड झाली, ती तशीच ठेवली.

“चि. अपेक्षा, कार्ड चुकीचं आहे. ती मोजपट्टी आम्ही आमच्या घरांवरून कापली. सामान्य मुलींना भीती वाटू नये, तुलाही वाटू नये. तुला वाटते, म्हणजे चूक तुझी नाही. हे पत्र मावशीला वाचायला दे. अपूर्वाताईंचा नंबर खाली आहे, मावशीच्या फोनवरून लाव. त्या वाट बघतील. सौरभने कार्ड दाखवलं, तर मावशीने त्याला हे दाखवावं. सही तीच आहे. उशीर झाला, तो माझा दोष.”

कर्वे रस्त्यावरच्या पोस्टात जाऊन ते स्पीड पोस्टाने टाकलं. पिशवीत समितीचे कोरे फॉर्म उरले होते. त्यातला एक, वाचकहो, तुमच्यासाठी ठेवला आहे. इथवर आपण श्यामरावांना हसत आला असालच. फॉर्म आपण भरायचा नाही, घरातल्या माणसाला द्यायचा आणि खोलीबाहेर थांबायचं. वेळ लागला, तरी दार ढकलून ‘काय लिहितेस एवढं?’ असं विचारू नये.

फॉर्ममधला सहावा प्रश्न तोच आहे.